अकरावी-बारावीचा भूगोल: ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी वाटाड्या

दहावीला भूगोल ४० गुणांचा असतो. इतिहासाच्या पाठोपाठ येतो आणि बहुतेकांचा आदल्या रात्री वाचून होतो. अकरावी-बारावीला तोच विषय १०० गुणांचा होऊन समोर येतो: ८० लेखी, २० प्रात्यक्षिक. तरी वर्षाच्या सुरुवातीला माझ्या वर्गात बसलेल्या निम्म्या मुलांना अजून वाटत असतं की आदली रात्र पुरेल. दिवाळीपर्यंत ही मुलं घाबरतात, आणि मग गाईडमधली उत्तरं पाठ करायला लागतात. तिथून त्यांना परत आणणं फार अवघड जातं.

मी ठाण्यात बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. ज्यांनी नुकताच हा विषय घेतलाय त्यांच्यासाठी, आणि घरात "हा विषय घेऊन करणार काय?" असं विचारणाऱ्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं एकच: पुस्तकातल्या प्रत्येक संज्ञेला एक पत्ता द्या. 'विदारण', म्हणजे खडक जागच्या जागी फुटणं, हा शब्द वाचलात, तर ते कुठे पाहिलं ते समासात पेन्सिलीने लिहा. येऊरच्या वाटेवरचा अमुक खडक, खारघरच्या टेकडीची तमुक बाजू. पत्ता सापडेपर्यंत ती संज्ञा आपल्याला कळली असं मानू नका.

आपलं नशीब असं की पत्ते शोधायला लांब जावं लागत नाही. डोंगर, खाडी, कांदळवन, जुनी गावठाणं, आखून वसवलेलं शहर, कारखान्यांचा पट्टा, सगळं लोकलच्या एका तिकिटात आहे.

पहिल्या आठवड्यात: पुस्तक आणि सामान

बालभारतीचं पुस्तक विकत घ्या, आणि मिळेपर्यंत बालभारतीच्या संकेतस्थळावरून ई-पुस्तक मोफत उतरवून घ्या. शेजारच्या ताईचं जुनं पुस्तक चालतं, पण आवृत्ती यंदाचीच आहे ना हे शिक्षकांना आधी विचारा. अकरावीचं पुस्तक २०१९-२० पासून आणि बारावीचं २०२०-२१ पासून बदललं, त्याआधीची पुस्तकं अजून रद्दीच्या दुकानांत फिरत असतात.

या पुस्तकांची विभागणी सोपी आहे. अकरावी बहुतांशी निसर्गाची: भूहालचाली, विदारण आणि विस्तृत झीज, नदी-वारा-हिमनदी यांची कामं, हवामान प्रदेश, हिंदी महासागर, जीवसंहती, आपत्ती व्यवस्थापन. बारावी माणसांची: लोकसंख्या, मानवी वस्ती आणि भूमी उपयोजन, मग प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक आर्थिक क्रिया, प्रादेशिक विकास. बारावीच्या शेवटी भूगोलाचं स्वरूप आणि व्याप्ती सांगणारा पाठ आहे. तो मी मुलांना सगळ्यात आधी वाचायला लावते. आपण नेमकं काय शिकणार आहोत हे त्यात लिहिलंय, आणि तो शेवटी ठेवल्यामुळे बहुतेक जण घाईघाईत उरकतात.

इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांची एक वेगळी अडचण असते. आपल्या भागात अशी मुलं पुष्कळ आहेत. त्यांना वेदरिंग माहीत असतं, विदारण माहीत नसतं. काही जण मराठीतून शिकलेले असून कॉलेजात इंग्रजीतून पेपर लिहायचं ठरवतात, त्यांचं उलटं. दोघांनीही एक छोटी वही करावी, तीन रकान्यांची: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, आणि तिसऱ्यात पत्ता. उदाहरणार्थ: विस्तृत झीज, मास वेस्टिंग, इर्शाळवाडी. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, ते ठिकाण पनवेलहून फार लांब नाही. ती बातमी ज्यांनी घरी टीव्हीवर पाहिली, त्यांना तीव्र उतार, पाण्याने जड झालेली माती आणि गुरुत्वाकर्षण यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सामान थोडंच लागतं. एचबी आणि टूएच पेन्सिली, खोडरबर, ३० सेंटिमीटरची नीट कडा असलेली पट्टी, ट्रेसिंग पेपर, आलेखाचे कागद, बारा रंगांच्या रंगपेन्सिली. स्केचपेन नको, त्याचा रंग मागच्या पानावर उतरतो. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करा, चांगल्या नकाशासंग्रहावर. मोबाईलवरचा नकाशा ठिकाण शोधायला उत्तम, पण बोटाने मोठा केला की आजूबाजूचं सगळं बाहेर जातं. ब्राझील आणि काँगो एकाच अक्षांशांच्या पट्ट्यात बसलेत हे छापील पानावर आपोआप दिसतं.

पहिला रविवार: ठाणे ते वाशी, दारात उभं न राहता

ट्रान्स-हार्बरची लोकल पकडा. रविवारी सकाळी खिडकी मिळते. सोबत वही, पेन्सिल. ठाण्याहून सुटलेली गाडी खाडी ओलांडते आणि दक्षिणेला वळते. आता तुमच्या डाव्या हाताला पूर्व आहे, उजव्या हाताला पश्चिम. डावीकडे पारसिकची डोंगररांग, उजवीकडे इमारतींच्या पलीकडे खाडी.

ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत वहीत एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमाने काय काय आहे ते लिहा: डोंगर, डोंगराच्या उतारावरच्या वस्त्या, एमआयडीसीचे कारखाने आणि आयटीच्या काचेच्या इमारती, ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वे, सिडकोने आखलेले सेक्टर, मध्येच एखादं जुनं गावठाण, मग कांदळवन, मग खाडीचा चिखल, मग पाणी. हे झालं तुमचं पहिलं भूमी उपयोजनाचं चित्र. बारावीच्या तिसऱ्या पाठातले शब्द अजून दीड वर्ष लांब आहेत, पण त्यांचे पत्ते आजच मिळाले.

आता प्रश्न विचारा. कारखाने डोंगराच्या पायथ्याशी का, खाडीच्या काठाला का नाहीत? रेल्वे आणि रस्ता एकमेकांना चिकटून का धावतात? गावठाणातली घरं दाटीने का आणि सेक्टरमधली रांगेत का? उत्तरं लगेच आली नाहीत तरी चालेल. प्रश्न तारखेसह वहीत लिहून ठेवा.

पारसिकच्या रांगेकडे नीट पाहिलंत तर उतार एकसारखा नाही, पायऱ्या-पायऱ्यांचा आहे हे लक्षात येईल. कळवा-मुंब्र्याच्या बाजूने जाणाऱ्या गाडीतून हे आणखी स्वच्छ दिसतं. हे बेसाल्टचे थर आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत दख्खनचं पठार तयार झालं. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, त्यावरचा किंवा खालचा मऊ थर झिजून उताराचा होतो, म्हणून पायऱ्या. याच डोंगरातून १९१६ साली पारसिकचा बोगदा खुला झाला, लांबी सव्वा किलोमीटरहून जास्त. जिथे डोंगर रेल्वेच्या वाटेत आडवा येतो आणि खाडी त्याला खेटून आहे, तिथे बोगदा का लागतो हे नकाशावर एकदा बोट ठेवून पाहा.

गच्चीवरची काठी

अक्षांश-रेखांश हा भाग मुलं सहावीपासून शिकतात आणि अकरावीतही गोंधळतात. माझा अनुभव असा की हा गोंधळ पुस्तकाने जात नाही, काठीने जातो.

एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. पडद्याचा दांडा चालतो. सोसायटीच्या गच्चीवर सपाट जागा बघून ती कुंडीत अशी रोवा की जमिनीपासून बरोबर एक मीटर वर राहील. ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते तपासा. दोऱ्याला किल्ली बांधली की ओळंबा झाला. दुपारी बारा वाजल्यापासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा आणि शेजारी वेळ लिहा.

सावली सगळ्यात आखूड कधी होते? मुलं म्हणतात बारा वाजता. खुणा मात्र साडेबाराच्या आसपासचं काहीतरी सांगतात. कारण आपलं घड्याळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावरचं आहे, ते मिर्झापूरजवळून जातं. ७३° पूर्व रेखावृत्त नवी मुंबईतून, वाशी-कोपरखैरणे परिसरातून जातं. फरक साडेनऊ अंशांचा. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटं. आपल्याकडचा खरा मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी होतो. सरासरी म्हणायचं कारण पृथ्वी सूर्याभोवती वर्षभर एकाच वेगाने फिरत नाही आणि तिचा आसही कललेला आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह पंधरा-सोळा मिनिटं आधी येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर चौदा मिनिटं उशिरा.

आता सावलीची लांबी मोजा. ठाण्याचा अक्षांश साधारण १९.२° उत्तर. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, एक मीटर काठीची आखूड सावली ३५ सेंटिमीटरच्या आसपास पडते. २२ डिसेंबरला ती ९२ सेंटिमीटर असते. सप्टेंबर आणि डिसेंबर अशी दोन मापं घेतलीत आणि सावली भागिले काठी हे गुणोत्तर त्रिकोणमितीच्या कोष्टकात शोधलंत, तर सप्टेंबरचं उत्तर तुमचा अक्षांश देतं. डिसेंबरच्या कोनातून तो वजा केलात की २३.५ अंशांच्या जवळ येता. पृथ्वीच्या आसाचा कल तुम्ही कळव्यातल्या एका गच्चीवर मोजलेला असतो.

मे महिन्याच्या मध्यावर आणखी एक दिवस येतो, तेव्हा दुपारी काठीला सावलीच उरत नाही. सूर्य नेमका डोक्यावर असतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो परत येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. मे महिन्यातला चुकवू नका.

स्थलनिर्देशक नकाशा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

प्रात्यक्षिकाचे गुण इथे जातात आणि इथेच कमावता येतात. डोंगर, नद्या, रस्ते, वस्त्या असा एका भागाचा सगळा तपशील दाखवणारे हे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग, ज्याची स्थापना १७६७ ची, तयार करतो. आपण वापरतो ते १:५०,००० प्रमाणाचे. म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. विभागाच्या ऑनलाईन पोर्टलवर नोंदणी करून नकाशे उतरवता येतात.

पत्रकांचा क्रमांक पाठ करण्याऐवजी तो कसा पडतो ते समजून घ्या. जुन्या पद्धतीत एक पत्रक १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढं असतं. ठाणे शहर '४७ ए/१६' या पत्रकात येतं, ते ७२° ४५' ते ७३° पूर्व. ७३° च्या पूर्वेकडचं नेरूळ, कल्याण '४७ ई/४' मध्ये. पनवेल १९° उत्तरच्या किंचित खाली, म्हणून '४७ एफ/१'. नवी मुंबई दोन-तीन पत्रकांच्या सांध्यावर बसली आहे, त्यामुळे तुमच्या घराचा नकाशा घेतलात आणि शाळा दुसऱ्या पत्रकावर गेली तर गोंधळू नका.

रंग आधी ओळखा: निळं पाणी, हिरवं जंगल, पिवळी शेतजमीन, लाल रस्ते आणि वस्त्या, काळी रेल्वे, तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटरचं, दर १०० मीटरची रेषा जाड.

समोच्च रेषा कळत नसेल तर घरी एक प्रयोग करा. बादलीत एक ओबडधोबड दगड ठेवा. दोन सेंटिमीटर पाणी ओता, पाणी दगडाला जिथे टेकतं तिथे दगडाभोवती मार्करने रेघ काढा. आणखी दोन सेंटिमीटर ओता, पुन्हा रेघ. दगड बुडेपर्यंत करा, मग बाहेर काढून वरून बघा. जिथे दगड उभा आहे तिथे रेघा चिकटून आल्या आहेत, जिथे पसरट आहे तिथे लांब लांब. एकही रेघ दुसरीला छेदत नाही, कारण पाण्याची पातळी एका वेळी एकच असते. दगडाला खाच असेल तर रेघ त्या खाचेत आत शिरलेली दिसेल.

ती खाच लक्षात ठेवा, कारण माझी चूक तिथेच झाली होती. माझ्या बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला एक डोंगरउतार देऊन छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यावर दिसणारी त्याची कड, काढायला सांगितला होता. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रेषा बघून मी बेधडक दरी काढली. रेषांवरचे आकडे वाचलेच नाहीत. ती डोंगराची सोंड होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद हातात घेतला, रागावले नाहीत, फक्त विचारलं, "बाळा, इथे पाऊस पडला तर पाणी कुठून वाहील?" मी बोट ठेवलं आणि मलाच कळलं की माझ्या छेदात पाणी डोंगराच्या धारेवरून वाहतंय. गुण गेले. त्या प्रश्नाने मात्र मला भूगोल शिकवला, आणि आता मी प्रत्येक मुलाला तोच विचारते. नियम असा: व्ही चं टोक जास्त उंचीच्या आकड्याकडे असेल तर दरी, कमी उंचीकडे असेल तर सोंड. पण नियम आठवला नाही तरी पाणी सोडून बघा, चुकणार नाही.

छेद काढायची रीत थोडक्यात. नकाशावर 'अ' ते 'ब' रेघ आखा. कागदाची सरळ कडेची पट्टी त्या रेघेला लावा. प्रत्येक समोच्च रेषा जिथे पट्टीला छेदते तिथे खूण करून उंची लिहा. पट्टी आलेखाच्या आडव्या अक्षाला लावा, त्या त्या उंचीवर बिंदू द्या, आणि बिंदू हाताने जोडा. पट्टीने जोडू नका; डोंगर सरळ रेघांचे नसतात. आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला ५०० मीटर असतं. उभं प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतलंत तर उंची पाचपट ताणली जाते. हे छेदाखाली लिहायचं असतं आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. येऊरच्या जंगलापासून ठाण्याच्या खाडीपर्यंत असा एक छेद काढा आणि भिंतीवर लावा. घोडबंदर रस्ता, तलावपाळी कुठे बसतात ते तुमचं तुम्ही शोधा.

खाडीकाठी एक दुपार

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं. ऐरोलीला सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिथून भरतीच्या वेळा बघून बोटी सुटतात. हिवाळ्यात जा. चिखलात उतरू नका, कितीही घट्ट दिसला तरी.

कोळीवाड्यात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याशी बोला. पुस्तकात 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती' असे शब्द आहेत, ते पुस्तकाने बनवलेले नाहीत, किनाऱ्यावरच्या माणसांचे आहेत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. माझी एक विद्यार्थिनी दिवाळे गावातली होती, तिला भरतीचा पाठ शिकवायची वेळच आली नाही. उद्या पाणी किती वाजता चढेल हे ती आजच्या वेळेत पन्नास मिनिटं मिळवून सांगायची. खाजण आणि मिठागर हे शब्दही तिनेच वर्गाला समजावून दिले.

पावसाळ्यात मोठं उधाण आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की सखल भागातलं पाणी खाडीत उतरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ वाचताना घरातल्या मोठ्यांना विचारा, त्या दिवशी ते कुठे अडकले होते, घरी कसे पोचले. आपल्या भागात ज्याच्याकडे त्या दिवसाची गोष्ट नाही असं घर क्वचितच सापडेल.

बारावी: आपली माणसं मोजताना

लोकसंख्येच्या दोन पाठांमध्ये मुलांना सगळ्यात कंटाळा येतो, कारण आकडे लांबचे असतात. म्हणून मी लोकसंख्या मनोरा सोसायटीचा काढायला सांगते. तीस-चाळीस घरं पुरेत. सेक्रेटरी काकांची परवानगी घ्या, नावं लिहू नका, फक्त वय आणि स्त्री की पुरुष. पाच-पाच वर्षांचे गट करा, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. एक मनोरा घणसोली किंवा खारघरच्या नव्या इमारतीचा आणि एक जुन्या गावठाणातल्या आळीचा काढून शेजारी ठेवा. कमावत्या वयाचा फुगवटा कुठे आहे, आजी-आजोबा कुठे आहेत, आणि स्थलांतर म्हणजे काय, हे सगळं त्या दोन आकृत्यांवर बोट ठेवून बोलता येतं.

इथे एक सावधगिरी. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजारांच्या घरात होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत जास्त. तो जिल्हा आजचा नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जुना आकडा आजच्या नकाशावर चिकटवणं ही प्रकल्पातली नेहमीची चूक आहे. शहरांचे आकडे वापरणं त्यापेक्षा बरं: २०११ ला ठाणे महापालिका सुमारे १८ लाख ४१ हजार, नवी मुंबई महापालिका सुमारे ११ लाख २० हजार.

वस्त्यांच्या प्रकारांना पत्ते शोधणं सोपं आहे. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढलेली रेषीय वस्ती. गावठाणातली केंद्रित. शीळफाट्याच्या आसपास शेत, गोदाम आणि टॉवर एकाच चौकटीत दिसतात, ते ग्रामीण-नागरी झालर क्षेत्र. आणि सिडकोने १९७० नंतर आखून वसवलेली नवी मुंबई तर नियोजित शहराचं पुस्तकी उदाहरणच आहे. मात्र त्याच शहराखाली ज्या आगरी-कोळी गावांची शेतं आणि मिठागरं गेली, त्यांच्याकडूनही ही गोष्ट ऐका. प्रादेशिक विकासाच्या पाठात "विकास कोणासाठी" हा प्रश्न येतो, तेव्हा तुमच्याकडे लिहायला स्वतःचं काही असेल.

उत्तर लिहिताना

साखळी पूर्ण करा, विधान आणि कारण, भौगोलिक कारणे, फरक, टिपा, नकाशा, उतारा, आकृत्या आणि शेवटी सविस्तर उत्तर, असे प्रश्न येतात. बाकीचे सरावाने जमतात. अडतं ते भौगोलिक कारणांपाशी. समजा प्रश्न आला: ठाणे-बेलापूर रस्त्यालगत उद्योगांचं केंद्रीकरण झालं.

नेहमी येणारं उत्तर असं: "कारण तिथे वाहतुकीच्या सोयी आहेत, मजूर मिळतात, बाजारपेठ जवळ आहे." यात खोटं काही नाही, पण हे वाक्य सुरत, कोइम्बतूर किंवा जमशेदपूरलाही लागू पडतं. तपासणाऱ्याला त्यात ठाणे-बेलापूर दिसत नाही.

आता असं लिहा: "मुंबई बेटावर जागा अपुरी आणि महाग झाल्यावर उद्योगांना विस्तारासाठी नवी जागा हवी होती. पारसिकची डोंगररांग आणि ठाणे खाडी यांच्यामध्ये उत्तर-दक्षिण पसरलेला सपाट पट्टा खाडीपलीकडेच उपलब्ध होता. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने या भागात भूखंड, पाणी आणि वीज पुरवली. मुंबईचं बंदर आणि बाजारपेठ जवळ असल्याने कच्चा माल आणि पक्का माल यांची ने-आण सोपी झाली. म्हणून या पट्ट्यात उद्योग एकवटले." प्रत्येक वाक्य पुढच्याला ढकलतं. जागा संपली, म्हणून दुसरी शोधली, ती अशी होती, तिथे सोयी दिल्या, म्हणून हे झालं. रोज एक कारण असं लिहायचा सराव करा, पाच ओळींच्या वर नाही.

नकाशाच्या प्रश्नाला सूची नसेल तर गुण जातात. चिन्ह नकाशात आणि सूचीत एकच हवं. जगाचा आराखडा आठवड्यातून दोनदा भरा, रंग कमी आणि नावं सुवाच्य.

वही, तोंडी, आणि घरच्यांचा प्रश्न

प्रात्यक्षिक वही जानेवारीत एका रात्रीत पूर्ण करणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांची वही स्वच्छ दिसते, पण तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत उघडी पडते, कारण आकृती कुणाचीतरी उतरवलेली असते. प्रत्येक प्रात्यक्षिक झालं त्या आठवड्यातच शिक्षकांची सही घ्या.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही मुंबई विभागीय मंडळाखाली येतात आणि मंडळाचं कार्यालय वाशीलाच आहे. हॉलतिकिटात विषयाची किंवा माध्यमाची चूक दिसली तर आधी कॉलेजात सांगा, तेही त्याच दिवशी.

आईबाबांसाठी: भूगोलाची पदवी घेऊन मुलं शिक्षक होतात, स्पर्धा परीक्षा देतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्याशिवाय भौगोलिक माहिती प्रणालीचं, म्हणजे जीआयएसचं, काम आहे: महापालिका, नगररचना, पाणीपुरवठा, विमा, शेती, हवामान, सगळीकडे नकाशावर माहिती बसवणारी माणसं लागतात. मुलाला याची चव बघायची असेल तर इस्रोचं 'भुवन' संकेतस्थळ उघडून द्या आणि तुमचा स्वतःचा परिसर शोधायला सांगा.

यंदा नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या तासाला एकच गृहपाठ देते, तोच तुम्हालाही. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पडलेला पाऊस कोणत्या नळातून, कोणत्या गटारातून, कोणत्या नाल्यातून, कुठे खाडीला मिळतो, ते छत्री घेऊन चालत जाऊन बघा आणि एका पानावर त्याचा नकाशा काढा. दिशा, प्रमाण, सूची. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सोमवारी वर्गात आणा.